माउथवॉश रोज वापरावा का? आधी सासऱ्यांचं तोंड किती उघडतं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गणपतीला मुंबईहून आलेल्या दिरांनी माउथवॉशच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या, तेव्हापासून घरात सगळ्यांनाच सवय लागलीय, सकाळ-संध्याकाळ ब्रश झाला की लगेच एक झाकण, पाच वर्षांचा मुलगाही हट्टाने मागतो, सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, आणि आता कुणीतरी सांगितलं की रोज वापरला तर तोंडातले चांगले जंतूही मरतात, तर फायदा जास्त की तोटा. आणि जाता जाता शेवटी एक ओळ लिहिलीत, की सासऱ्यांना तो फार झोंबतो म्हणून ते पाणी घालून घेतात, तसं हल्ली त्यांना तिखटही सहन होत नाही.

मी त्या शेवटच्या ओळीपाशीच अडकलो. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

सासरे सुपारी खातात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी मालवणच्या बाजूला गेली २३ वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय आणि माझ्याकडे ‘तोंड झोंबतं’ म्हणून येणाऱ्या साठीच्या पुढच्या दहा माणसांत किती जणांच्या खिशात अडकित्ता निघतो ते मला माहितीय. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "डॉक्टरानू, तमाखू नाय हां, निस्ती सुपारी, ती पण घरच्या बागेतली." घरच्या बागेतली म्हणजे जणू ती निर्दोष. सुपारी ही तंबाखूशिवायही कॅन्सर करणारी वस्तू आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते स्पष्ट केलंय. आमच्या स्वतःच्या आगरात पोफळी आहेत, त्यामुळे हे बोलताना मलाही जरा जड जातं, पण आहे ते आहे.

सुपारी वर्षानुवर्षं गालात धरली की आतली कातडी हळूहळू ताठ होते, पांढरट पडते, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आमच्या भाषेत सबम्युकस फायब्रोसिस. ह्याची पहिली तक्रार बहुतेक वेळा हीच असते, आमटीचं तिखट लागतं, गरम चहा लागतो, आणि माउथवॉश घेतला तर आग होते. ह्यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो, म्हणून हे लवकर सापडलेलं बरं. आज घरीच एक बघा. त्यांना त्यांच्या स्वतःच्या हाताची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. साधारण माणसाला जमतं. दोनच जात असतील किंवा त्यात पण ओढ बसत असेल तर माउथवॉश ठेवा बाजूला आणि डेंटिस्टकडे घेऊन जा. तीन गेली तरीही दाखवाच, कारण झोंबण्याचं दुसरं कारण असू शकतं, रक्त कमी असणं, बी१२ कमी असणं, कवळीखालची बुरशी, काहीही. आणि तोंडात कुठे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल तर मग आजउद्या करू नका.

पाणी घालून घेतात हे तर मला जास्त खटकलं. म्हणजे शरीर सांगतंय की काहीतरी दुखतंय आणि आपण ते सांगणं पातळ करून गिळतोय. माझ्या दृष्टीने माउथवॉशचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे, त्यातलं केमिकल वगैरे नंतर. मशेरी लावणाऱ्या बायका, पानतंबाखूवाले, हिरडीतून पू येणारे, सगळे आधी बाटली आणतात, वास दबतो, घरचे बोलायचे थांबतात, आणि माझ्याकडे येईपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात.

आता वासाचंच घ्या, कारण बहुतेक लोक बाटली घेतात ती वासासाठीच. ह्याला एक इतिहास पण आहे. लिस्टरीन नावाचं जे औषध, ते १८७९ साली अमेरिकेत बनलं तेव्हा ते ऑपरेशनच्या वेळचं जंतुनाशक होतं, नावही जोसेफ लिस्टर ह्या ब्रिटिश सर्जनवरून ठेवलेलं. पुढे १९१४ पासून ते दुकानात बिनचिठ्ठीचं मिळायला लागलं आणि १९२० च्या दशकात ‘हॅलिटोसिस’ हा जडजंबाल शब्द जाहिरातीत घालून लोकांच्या मनात भीती भरली गेली की तुमच्या तोंडाला वास येतोय आणि कुणी तुम्हाला सांगत नाहीये. तेव्हापासून ती भीती काही गेलेली नाही. गंमत म्हणजे त्यातलं मुख्य द्रव्य थायमॉल, ते आपल्या ओव्यात भरपूर असतं. बाकी निलगिरी, पुदिन्याचा मेन्थॉल आणि दुखऱ्या गुडघ्याला आपण जे बाम चोळतो त्यात असतं ते मिथाईल सॅलिसिलेट. म्हणजे आजीच्या फडताळातलंच सामान म्हणा ना, फक्त मोजूनमापून घातलेलं. (म्हणून घरी ओव्याचं तेल तोंडात ओतू नका, भाजेल.)

तोंडाचा वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो, पोटातून क्वचित. जिभेच्या मागच्या भागावर जो थर बसतो त्यातले जंतू अन्नातलं प्रोटीन कुजवून गंधकाचे वायू सोडतात, सडक्या अंड्याचा वास असतो ना त्यातलेच. दुसरं कारण हिरड्यांचा आजार, म्हणजे पायरिया, आणि तिसरं दातांच्या फटीत अडकलेलं अन्न. एक काकी आहेत, दर सहा महिन्यांनी यायच्या, "वास काय जाणा नाय." बघितलं तर दोन दाढांच्या मध्ये कीड लागून खड्डा, त्यात रोजचं जेवण साठणार, आणि काकी ते बांगडीला लावलेल्या सेफ्टी पिनेने कोरून काढणार आणि वरून माउथवॉश. दाढ भरली, वास गेला, बाटली पण गेली. पिन मात्र अजून बांगडीला आहे, ते काही मला जमलं नाही.

आणि लसणीची चटणी, सुका बांगडा खाल्ल्यावरचा वास, तो कितीही चुळा भरा जाणार नाही. लसणातला गंध पोटातून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. तिथे माउथवॉश काय करणार. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी लसूण कमी खा एवढंच.

बरं मग माउथवॉश कामाचा नाहीच का? तसं नाही. पण ‘माउथवॉश’ म्हणजे एक औषध नव्हे, चार-पाच वेगवेगळी औषधं एकाच शेल्फवर ठेवलेली असतात आणि आपण रंग बघून उचलतो. त्यामुळे बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा, काका-मामाचा चष्मा लागला तरी चालेल.

मेडिकलवाला ‘डॉक्टर देतात तो’ म्हणून जो देतो तो बहुतेक क्लोरहेक्झिडीन असतो, ०.२ टक्के. हे प्लाकवर, म्हणजे दातावर धरणाऱ्या जंतूंच्या चिकट थरावर, सगळ्यात जोरदार औषध, दाताला आणि कातडीला चिकटून राहतं आणि काही तास हळूहळू काम करत राहतं. हिरडीचं ऑपरेशन झालं, दाढ काढली, हाताला प्लास्टर असल्याने ब्रश नीट होत नाही, तेव्हा मी ते देतो. पण ७ ते १४ दिवस. त्याच्यापुढे चालू ठेवलं की दात तपकिरी पडायला लागतात, त्यात दिवसाला चार कप चहा पिणारा असेल तर विचारू नका, जिभेची चव जाते, विशेषतः खारट चव, आणि कीटणही जास्त साठतं. एक हॉटेलवाले सहा महिने तेच घेत होते कारण मी पहिल्यांदा लिहून दिलेली चिठ्ठी ते मेडिकलमध्ये परत परत दाखवत होते. सोलकढीत मीठ जास्त पडतंय अशी गिऱ्हाईकं तक्रार करायला लागली तेव्हा कळलं. दातांचे डाग पॉलिश करून निघाले, चव पंधरा दिवसांत परत आली. त्यानंतर मी चिठ्ठीवर ‘१० दिवसच’ असं मोठ्या अक्षरात लिहितो. हेच औषध टूथपेस्टच्या लगोलग घेतलं तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा जोर जातो, म्हणून मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यायचा.

दुसरा प्रकार फ्लोराईडचा, सोडियम फ्लोराईड ०.०५ टक्के, रोजच्या वापराचा. ज्यांना कीड पटकन लागते, दातांना तारा लावल्यात, किंवा औषधांमुळे तोंड सतत कोरडं पडतं अशांना हा खरोखर उपयोगी. पण इथे तुमच्या घरचीच चूक सगळेजण करतात, ब्रश झाला की लगेच झाकण. पेस्टमध्ये फ्लोराईड साधारण १००० ते १४५० पीपीएम (म्हणजे दहा लाखांत तितके भाग) असतं आणि ह्या चुळीत साधारण २२५. म्हणजे दातावर बसलेलं जास्तीचं धुऊन तुम्ही कमीचं लावताय. ब्रश झाल्यावर नुसतं थुंका, पाण्याने खळखळून चूळ पण भरू नका, आणि माउथवॉश घ्यायचाच असेल तर दुपारी जेवणानंतर घ्या. हे एक बदललंत तरी माझं उत्तर लिहिणं वसूल.

तिसरा तो ओवा-निलगिरीवाला आणि त्याच्यासारखेच सीपीसीवाले (सेटिलपिरिडिनियम क्लोराईड नावाचं जंतुनाशक), बाजारातल्या निळ्या-हिरव्या बाटल्या बहुतेक ह्यातल्याच. नियमित ब्रशच्या जोडीला घेतले तर प्लाक आणि हिरड्यांची सूज थोडी कमी होते हे खरं आहे, जाहिरातवाले अगदीच खोटं बोलत नाहीत. फक्त जोडीला हा शब्द ते बारीक अक्षरात छापतात. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं बघा, त्याच्यावर नुसतं पाणी मारलं तर ते आणखी तुकतुकीत होतं, खराट्याने खसाखसा घासलं तरच निघतं आणि मग वरून ब्लीचिंग मारलं तर काही दिवस परत धरत नाही. दातावरचा प्लाक अगदी तसाच चिकट थर आहे. आणि एकदा त्याचं कडक कीटण झालं की मग खराटा पण पुरत नाही, मशीननेच काढावं लागतं. (मशीनने दात हलत नाहीत हो. आधीच हललेले असतात, कीटणाने ते धरून ठेवलेले असतात, ते निघालं की तुम्हाला कळतं.)

ह्या तिसऱ्या प्रकारात अल्कोहोल आहे का ते बघा. जुन्या मूळ प्रकारच्या काही माउथवॉशमध्ये ते २० टक्क्यांच्याही वर असतं, हल्ली बिनअल्कोहोलचेही सर्रास मिळतात. अल्कोहोलवाल्याने तोंडाचा कॅन्सर होतो का, ह्यावर अभ्यास बरेच झालेत आणि त्यांचं आपापसात जुळत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. तरी तंबाखू-सुपारीवाल्याला, तोंड आलेल्याला, तोंड कोरडं पडणाऱ्याला मी तो देत नाही, कारण झोंबणं आणि कोरडेपणा तर त्याने नक्की वाढतो, आणि कोरड्या तोंडाला वास जास्त येतो. म्हणजे वासासाठी घेतला आणि वास वाढला.

चांगले जंतू मरतात हे जे तुम्हाला सांगितलंय ते व्हॉट्सॲपवरचं असलं तरी ह्यावेळी त्यात तथ्य आहे. लाल माठ, पालक, मुळ्याचा पाला ह्या भाज्यांमध्ये नायट्रेट असतं, जिभेवरचे काही जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि त्याच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साईड तयार होतं जे रक्तवाहिन्या सैल ठेवतं. जोरदार जंतुनाशक चूळ भरली की हे जंतूही जातात. लंडनमध्ये २०१३ साली थोड्या निरोगी लोकांवर सात दिवस क्लोरहेक्झिडीन देऊन बघितलं तेव्हा बीपी साधारण २ ते ३.५ ने वाढलेलं दिसलं. अभ्यास अगदी लहान होता, त्यावरून घाबरायचं कारण नाही, पण सासूबाईंना बीपी आहे आणि त्यांच्या हिरड्यांना तसं काही झालेलं नाही, तर मग दिवसातून दोनदा जंतू मारायचे कशासाठी? पोर्तो रिकोमध्ये आणखी एक अभ्यास झाला, त्यात दिवसातून दोन किंवा जास्त वेळा माउथवॉश घेणाऱ्यांमध्ये डायबेटिसकडे झुकणं जास्त दिसलं. आता त्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सांगता येत नाही, डायबेटिसवाल्यांच्या हिरड्या मुळातच खराब असतात आणि म्हणून ते जास्त चुळा भरत असतील असंही होऊ शकतं. सासूबाईंची बीपीची गोळी कुठली आहे ते बघा, लघवी जास्त करवणारी असेल तर तोंड कोरडं पडतं, त्यांना घोट घोट पाणी जास्त कामाचं. आणि त्या कवळी वापरत असतील तर ती रात्री काढून, साध्या साबणाने ब्रशने धुऊन पाण्यात ठेवायची, कवळी घालून झोपलं की खाली बुरशी धरते आणि त्याचा जो वास येतो त्याला बाटलीचा इलाज नाही.

मुलाला नको. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला चूळ भरून पूर्ण थुंकता येत नाही, थोडं गिळलं जातंच, आणि ते निळं गोड पाणी मिळालं तर मुद्दाम गिळतील. अल्कोहोल लहान मुलांमध्ये रक्तातली साखर एकदम खाली आणू शकतं, फ्लोराईड गिळलं तर उलटी-पोटदुखी. बाटली वरच्या फळीवर. त्याला मटारच्या दाण्याएवढी पेस्ट आणि शेजारी उभा असलेला मोठा माणूस, एवढं बास.

घरच्या उपायांबद्दल पण लोक विचारतात म्हणून लगे हात सांगतो. कोमट पाणी एक ग्लास आणि अर्धा चमचा मीठ, हे मला अजूनही सगळ्यात आवडतं, स्वस्त आहे आणि हिरडीला आराम देतं. खोबरेल तोंडात खेळवणं, तेही ठीक, थोडा फायदा दिसतो, वेळ असेल तर करा, पण ते ब्रशच्या ऐवजी नको आणि फार म्हाताऱ्या, ठसका लागणाऱ्या माणसाला नको. आंब्याच्या पानाने दात घासणारी पिढी मी बघितलीय, त्यांच्या हिरड्या बऱ्या असायच्या, पण भाताच्या तुसाच्या राखेने घासणाऱ्यांचे दात पार झिजलेले, त्या राखेत वाळूसारखीच सिलिका असते.

दाढ काढल्यावर मात्र पहिले २४ तास कसलीच चूळ नको, मिठाची पण नको. गेल्या पावसाळ्यात एक खलाशी, सकाळी दाढ काढून गेला आणि स्वच्छता हवी म्हणून दर तासाला माउथवॉशने जोरात गुळण्या. खड्ड्यात जी रक्ताची गाठ धरते तीच आतलं हाड झाकते, ती धुऊन गेली, तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा मारत परत आला. लवंग तेलाची पट्टी भरली तीन वेळा तेव्हा शांत झाला. "तुम्हीच म्हणालात ना तोंड साफ ठेव," असं वर मलाच.

तर तुमच्या उरलेल्या दीड बाटल्यांचं. लेबल बघा, क्लोरहेक्झिडीन असेल तर झाकण घट्ट लावून ठेवून द्या, कुणाची दाढ काढली की एक्सपायरी बघून दुसऱ्या दिवसापासून कामाला येईल. फ्लोराईडवाला असेल तर तुम्ही आणि मिस्टर दुपारच्या जेवणानंतर घेऊन संपवा. निळा-हिरवा असेल तर घेतलात काय नाही घेतलात काय, फार फरक नाही, ब्रशच्या लगेच नंतर नको एवढंच, आणि त्याच्या पैशात पुढच्या वेळी दिरांना दात कोरायचे छोटे ब्रश आणि जीभ साफ करायची पट्टी आणायला सांगा. आणि सासऱ्यांच्या तीन बोटांचं आज रात्रीच बघा, किती गेली ते मला इथेच लिहून कळवा, पण उत्तराची वाट बघत बसू नका, अपॉइंटमेंट आधी घ्या.